अडीच आणि सहा वर्षांच्या मुलांना घेऊन निपाणीहून एका दिवसात वॉटर पार्क जमेल का?

तुम्ही विचारलंय ते असं: राहायला निपाणीत, मुलगी सहाची, मुलगा अडीचचा. सुट्टीला बहीण आणि तिची मुलं येणार, आई-बाबाही सोबत असणार. एका दिवसात वॉटर पार्क करून येणं जमेल का, आणि एवढे पैसे घालून इतक्या लहान पोरांना त्यातलं काय कळणार?

जमतंय की. आणि पोरांना कळतंही, फक्त आपण ज्याचे पैसे मोजतो ते सोडून बाकीचं कळतं. आमच्या बेळगावच्या घरातून उन्हाळ्यात अशी एक गाडी निघतेच, त्यावरून सांगतो. चार मजली उंच स्लाइड, अंधाऱ्या बोगद्यातून गरगर फिरवणारी नळी, हे लहान पोरांच्या खिजगणतीतही नसतं. त्यांचं वॉटर पार्क म्हणजे घोट्याएवढं पाणी, एक छोटी घसरगुंडी आणि फार तर तीन तास. तिकीट संध्याकाळपर्यंतचं आहे म्हणून पोरांनाही संध्याकाळपर्यंत पाण्यात ठेवायचं, असा हिशेब करणाऱ्यांची दुपारी दोननंतर काय अवस्था होते ते कुठल्याही पार्कच्या कँटीनमध्ये जाऊन बघा. पोरं भोकाड पसरलेली, आई-बाप एकमेकांवर तणतणतायत आणि कुणीतरी म्हणतंय, "अजून ती मोठी स्लाइड राहिलीय." पैसे वसूल करायचं डोक्यातून काढा, मग दिवस झकास जातो.

आधी कधी जायचं ते. आपल्या कर्नाटकातल्या शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सुट्टी लागते. महाराष्ट्रातल्या शाळांची सुट्टी त्यानंतर लागते. म्हणजे कोल्हापूरच्या बाजूला जाणार असाल तर एप्रिलच्या उत्तरार्धातला एखादा मंगळवार-बुधवार गाठा, गर्दी निम्म्यानं कमी मिळेल. (बहिणीची मुलं महाराष्ट्रातल्या शाळेत असतील तर हा सल्ला बाद.) १४ एप्रिल, बसव जयंती, १ मे हे दिवस सोडा. आमच्याकडं शिवजयंती परंपरेप्रमाणे वैशाखात असते, चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते आणि दुसऱ्या दिवशी अर्धं बेळगाव झोपलेलं असतं. तो दिवस सुचवणार होतो, पण मिरवणूक बघायला तुम्हीही आलात तर तुम्हीही झोपलेलेच असणार.

कुठं जायचं ह्यात माझं मत स्पष्ट आहे: जवळ असेल तिथं, मग स्लाइड चार कमी का असेनात. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, कोगनोळीचा टोल ओलांडला की आलंच म्हणायचं. धारवाडच्या बाजूला निघालात तर दीडशे किलोमीटरच्या घरात जाते गोष्ट, आणि निघाल्या निघाल्या तवंदी घाट. अडीच वर्षांच्या पोराला पोटभर दूध पाजून गाडीत बसवलं की ते घाटातच बाहेर येणार. सकाळी निघताना सुकी इडली किंवा थोडं उप्पीट द्या, दूध पोचल्यावर.

निघायच्या आदल्या दिवशी दाराच्या चौकटीला उभं करून दोघांची उंची मोजा. बऱ्याच पार्कात लहान मुलांचं तिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं. फोन करून तिथला आकडा विचारून घ्या, म्हणजे खिडकीवर वाद नको. मोठ्या स्लाइडनाही उंचीची अट असते, बऱ्याच ठिकाणी १२० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त. सहा वर्षांची मुलगी साधारण ११० ते ११५च्या आसपास असते. म्हणजे तुमच्या लेकीला "तू नाहीस" असं ऐकावं लागणार, आणि बहिणीची मुलं मोठी असतील तर ती तिच्या डोळ्यांदेखत वर जाणार. हे तिला घरीच सांगून ठेवा. तिथं उभं राहून आपल्यातलंच कुणीतरी "सोडा की हो एकदा, काय होतंय" म्हणत कामावरच्या पोराशी हुज्जत घालतं, त्याला आवरा. हलकं पोर ट्यूबमधून उडतं, आणि खाली पाण्यात पडल्यावर स्लाइडच्या पाण्याचा लोटच त्याला उभं राहू देत नाही, म्हणून ती अट आहे. दुसरं, धाकट्याला मांडीवर घेऊन घसरू नका. प्रेमानं करतात लोक, पण पोराचा पाय कडेला अडकला तर मागून आपलं सगळं वजन येतं आणि नडगीचं हाड मोडतं. बागेतल्या साध्या घसरगुंडीवरही हे होतं.

आता कपडे. सुती कपड्यांत पाण्यात सोडत नाहीत, कारण सुताचे धागे सुटून फिल्टरमध्ये जाऊन बसतात, शिवाय ते भिजले की जड होतात. नायलॉन किंवा लायक्राचे कपडे लागतात. गेटवर भाड्यानं मिळतात, पण लहान मापाचे धड मिळत नाहीत, त्यामुळं आधीच विकत घ्या. पूर्ण बाह्यांचे घेतले तर उन्हापासून निम्मं काम तिथंच होतं. रंग मात्र निळा नको. दुकानदार मुलग्यासाठी हटकून निळाच काढून देतो. पूलच्या फरशा निळ्या, पाणी निळं, त्यात निळ्या कपड्यातलं पोर पाण्याखाली गेलं तर दिसतच नाही. पांढराही तसाच. भडक केशरी, पोपटी, झगझगीत गुलाबी असं काहीतरी घ्या, फोटोत वाईट दिसलं तरी चालेल. कमरेचा करदोटा, पायातले वाळे, कानातल्या रिंगा घरीच काढून ठेवा.

पूलमध्ये उतरल्यावरचं सांगतो. लहानांच्या पूलमध्ये मधे एक लोखंडी मनोरा असतो आणि त्याच्या टोकाला अवाढव्य बादली. ती भरत आली की घंटा घणघणते, मोठी पोरं ओरडत खाली गोळा होतात आणि बादली उलटी होऊन सगळ्यांना झोडपून काढते. माझा भाचा तीन वर्षांचा असताना पहिल्या घंटेलाच पूलच्या बाहेर पळाला आणि दोन्ही कान दाबून काठावर उभा राहिला. त्याचा बाप म्हणाला, उचलून नेतो, एकदा भीती मोडली की झालं. बहिणीनं नेऊ दिलं नाही. पुढच्या घंटेला कानावरचा एक हात खाली आला. मग तो एक पायरी उतरला. मग दुसरी. शेवटी बादलीचं पाणी वाहत येऊन त्याच्या पावलांना लागलं, आणि घरी येईपर्यंत तो भेटेल त्याला सांगत होता की बादली माझ्या डोक्यावर पडली. दीड तास त्याच एका खेळात गेला. "पोरांना काय कळणार" ह्या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडं एवढंच उत्तर आहे.

आता ह्या सगळ्यात खरी जोखमीची जागा कोणती? हीच, घोट्याएवढ्या पाण्याची. खोल पूलला सगळे सावध असतात. इथं कुणीच नसतं. आमच्यातले एक मामा दरवेळी म्हणतात, "आम्ही हिरीत उड्या मारलेली माणसं, एवढ्याशा पाण्यात काय बुडतंय व्हय?" बुडतंय. लहान पोराचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं, तोल गेला की त्याला उठता येत नाही, आणि नाक-तोंड बुडेल एवढं पाणी पुरतं. आणि ते ओरडत नाही, हातही हलवत नाही. श्वासच घेता येत नसतो, ओरडणार कशानं? एकदा शेजारीच बघितलंय मी. दोनेक वर्षांचं पोर बसल्या बसल्या मागं कलंडलं आणि तसंच राहिलं, डोळे उघडे. आई हाताच्या अंतरावर थोरल्याचा व्हिडिओ काढत होती. पलीकडच्या एका बाईनं दंडाला धरून वर ओढलं, तेव्हा पोर खोकलं आणि मग रडलं. सगळं चार-पाच सेकंदांत झालं. ती आई बेफिकीर नव्हती. घरातली सात-आठ माणसं भोवती होती, त्यामुळं प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा बघतोय.

म्हणून आमच्यात पाळी असते. एक जुनी लाल टोपी आहे, ती ज्याच्या डोक्यावर त्यानं फक्त धाकट्याकडं बघायचं. हात पुढं केला की पोराला लागेल एवढ्या अंतरावर, फोन नाही, गप्पा नाहीत. वीस मिनिटांनी टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर. ती दुसऱ्याच्या डोक्यावर घातल्याशिवाय चहालासुद्धा जायचं नाही. थोरल्या पोरांसाठी वेगळा माणूस. तुम्ही सहाजण मोठे असाल तर प्रत्येकाला भरपूर मोकळा वेळ मिळतो, तुम्हालाही एखादी मोठी स्लाइड करून येता येते. दंडाला बांधायच्या हवेच्या फुग्यांवर भरवसा ठेवू नका. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवायचे तेव्हाही काका-मामा पाण्यात असायचेच. लाटांचा पूल धाकट्याला पूर्ण वर्ज्य. थोरलीला न्यायचंच तर हात धरून, गुडघ्याच्या वर पाणी येऊ न देता. लाटा सुरू व्हायचा भोंगा वाजला की मागची माणसं पुढं लोटतात, त्यात पोर पायाखाली येतं.

थंडीचं आपल्या लक्षात येत नाही, मे महिना असतो ना. पण लहान अंगातली ऊब मोठ्यांच्या अंगापेक्षा लवकर जाते. ओठ निळसर पडले, दात वाजायला लागले की पोर कितीही "नाही, नाही" म्हणालं तरी बाहेर काढा, कोरडं करा, कोरड्या टॉवेलात गुंडाळून बसवा. खरं तर त्याची वाट बघूच नका. दर अर्ध्या-पाऊण तासानं बाहेर काढायचं, लघवीला न्यायचं, दोन घोट पाणी पाजायचं. पाण्यात असताना तहान लागल्याचं पोरांना कळत नाही. ऊनही तसंच, आपल्याकडं वारा असतो म्हणून चटका जाणवत नाही आणि संध्याकाळी पाठ लाल झालेली दिसते. सनस्क्रीन पाण्यात टिकणारं घ्या, उतरायच्या अर्धा तास आधी लावा आणि दर दोन तासांनी, शिवाय अंग पुसलं की पुन्हा. फरशी तापते, रबरी चपला ठेवा.

लघवीचा विषय निघालाच आहे तर पाण्याचंही बोलून घेतो. पूलवर डोळे चुरचुरतात, उग्र वास येतो, तेव्हा लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालंय. बहुतेक वेळा ते उलट असतं. घाम आणि लघवी क्लोरीनशी मिसळून जे तयार होतं त्याचा तो वास, म्हणजे क्लोरीन खर्ची पडत चाललंय. असा वास डोक्यात जात असेल तर त्या पूलमध्ये पोरांना घालू नका. पाणी एवढं स्वच्छ हवं की तळाची फरशी स्पष्ट दिसली पाहिजे. धाकट्याला साधा डायपर नको, तो पाणी पिऊन फुगतो. पोहण्याचा वेगळा मिळतो, पण त्यात फक्त शी अडते, तीही पूर्ण नाही, त्यामुळं लघवीला नेणं चुकत नाही. आणि घरातल्या एखाद्या पोराला जुलाब होत असतील तर सरळ ट्रिप पुढं ढकला. काही जंतू क्लोरीनच्या पाण्यातही काही दिवस तग धरतात, दुसऱ्यांच्या पोरांना कशाला?

जेवण आतच घ्यावं लागतं, बाहेरचं नेऊ देत नाहीत. लहानग्याचं खाणं बहुतेक ठिकाणी चालतं, विचारून घ्या. वरण-भात, दही-भात मिळाला तर उत्तम, तळलेलं नको.

वेळेचं गणित असं धरा: गेट उघडतानाच हजर, पाण्यात साडेदहा ते दीड, जेवण आणि तीनच्या आत गाडीत. आपल्याकडं एप्रिल-मे म्हणजे वळवाचा पाऊस, दुपारी चारला आभाळ कधी भरून येईल सांगता येत नाही. ढग गडगडले की भिजायला मजा येते म्हणून पाण्यात थांबायचं नाही, सगळ्यांनी बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरायचं नाही. त्यापेक्षा तोवर घराच्या वाटेला लागलेलं बरं. बहिणीच्या मोठ्या मुलांना थांबायचं असेल तर त्यांच्या बाबांनी थांबावं, दोन गाड्या असतील तर हे सोपं जातं.

राहिले आई-बाबा. त्यांना घरी ठेवू नका, पण पाण्यात उतरायचा आग्रहही करू नका. आईंना साडीत उतरू देणार नाहीत, आणि नायलॉनचा ड्रेस घालायला सांगितलं तर त्या दिवसभर तोंड फुगवून बसतील. काही ठिकाणी नुसतं बसणाऱ्यांना वेगळं, स्वस्त तिकीट असतं, काही ठिकाणी पूर्ण पैसे घेतात. उंचीची चौकशी करायला फोन कराल तेव्हाच हेही विचारा, आणि लहानांच्या पूलजवळ बसायला सावली आहे का तेही. नसेल तर दुसरा पार्क बघा, कारण एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली पाच तास बसवून ठेवलं तर पुढच्या वर्षी ते येणार नाहीत.