आधी सांग, तुला कुठल्या कागदावर सही करायचीय

अगं, तुझा मेसेज तीनदा वाचला. बी.कॉम. झालं, टॅक्स कन्सल्टंटकडे लागून अकरा महिने झाले, पगार चौदा हजार, आणि घरात रोज एकच विषय, सीए कर नाहीतर निदान एम.कॉम. तरी कर, नुसत्या बी.कॉम.ला कोण विचारतंय. तू मला विचारलंस मॅडम काय करू, आणि मी चार दिवस गप्प. राग मानू नकोस, पण हा तुझ्या चार-पाच वर्षांचा प्रश्न आहे, तो व्हॉट्सॲपवर दोन ओळीत उरकायला माझं मन होईना, म्हणून हे पत्र.

तुझ्या ऑफिसातलंच बघ. पार्टीकडून, म्हणजे क्लायंटकडून, बिलं तूच मागवतेस, जीएसटीचं टू-बी, म्हणजे खरेदीवरच्या क्रेडिटचं स्टेटमेंट, तूच जुळवतेस, वीस तारखेच्या आधी थ्री-बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, भरायला रात्री साडेनऊपर्यंत तूच बसतेस. मग सप्टेंबरात टॅक्स ऑडिटची, म्हणजे इन्कम टॅक्ससाठी हिशोब तपासायची, फाईल तयार झाली की ती सीएंच्या ऑफिसला जाते आणि सही होऊन येते. फाईलमधला आकडा न आकडा तुझ्या हाताखालून गेलेला, पण सही त्यांची, खाली यूडीआयएन, म्हणजे त्या सहीचा ओळख नंबर, त्यांचा, आणि उद्या त्यात काही निघालं तर सीएंची इन्स्टिट्यूट जाब विचारणार तोही त्यांनाच. आपल्या लाईनीत क्वालिफिकेशन म्हणजे मुळात हेच, सहीचा हक्क आणि त्या सहीचं ओझं. पगार, मान, लग्नाच्या बायोडेटातली ओळ, हे सगळं त्याच्या मागनं येतं.

म्हणून कोर्सचं नाव बाजूला ठेव आणि आधी हे बघ की तुला कुठल्या कागदावर सही करायचीय. कंपनीचं ऑडिट आणि टॅक्स ऑडिट पाहिजे तर सीएला पर्याय नाही, कायदाच तसा आहे. कॉस्ट ऑडिटवर, म्हणजे माल बनवायच्या खर्चाच्या तपासणीवर, सही कॉस्ट अकाउंटंटची, म्हणजे सीएमए, आमच्या वेळी आयसीडब्ल्यूए म्हणायचे. एम.कॉम.ला सही नाही. कॉलेजवर शिकवायचं असेल तर एम.कॉम. करून नेट-सेट दे, तो चांगला रस्ता आहे, पण घरचे शांत बसावेत एवढ्यासाठी एम.कॉम. करणार असशील तर दोन वर्षं फुकट घालवू नकोस. एसीसीएचं, म्हणजे इंग्लंडच्या अकाउंटंट संस्थेच्या कोर्सचं, कुणी डोक्यात घातलं असेल तर ते पुण्यातल्या परदेशी कंपन्यांच्या ऑफिसात नाहीतर दुबई-बिबईला उपयोगी पडतं, फी पौंडात जाते आणि इथल्या ऑडिटवर त्याने सही करता येत नाही, एवढं पक्कं लक्षात ठेव.

आणि एक रस्ता ज्याचं नाव तुझ्या मेसेजमध्ये नव्हतंच, जी.डी.सी. अँड ए., म्हणजे सहकार आणि हिशोबाचा सरकारी डिप्लोमा. राज्याचं सहकार खातं ही परीक्षा घेतं, कुठल्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, नोकरी सोडावी लागत नाही. आपल्या कोल्हापूर-सांगली भागात पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायट्या गल्लोगल्ली आहेत आणि प्रत्येकीचं ऑडिट दरवर्षी व्हावंच लागतं. पास झाल्यावर ऑडिटच्या कामाचा अनुभव घेऊन पॅनेलवर, म्हणजे सहकार खात्याच्या ऑडिटरांच्या यादीत, गेलीस की त्या ऑडिट रिपोर्टवर तुझी सही. लोक ह्याला कमी लेखतात, मला ते अजिबात पटत नाही. गावातल्या बायकांनी भिशीसारखे पै पै करून ठेवलेले पैसे नीट आहेत का हे बघणारं माणूस लहान कसं?

माझं कसं ठरलं ते सांगते. बी.कॉम. झाल्यावर एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, मालाचा खर्च काढायच्या कामाला, कॉस्टिंगला लागले. सहा महिने टेबलावर बसून कॉस्ट शीट बनवत होते. एका कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागाचा, किलोचा खर्च काही केल्या खाली येईना, कस्टमर तेवढा रेट द्यायला तयार नाही, आणि ती ऑर्डर सोडायची का ह्यावर मीटिंगा चाललेल्या. भट्टीवरचे एक मिस्त्री होते, वयाने वडिलांएवढे, ते म्हणाले पोरी एकदा खाली येऊन बघ तरी. गेले. साचा फोडला, काळी वाळू उडाली, आणि त्यातनं जे निघालं ते नुसतं कास्टिंग नव्हतंच, त्याला हातभर रनर आणि डोक्यावर हे जाडजूड रायझर, म्हणजे धातू आत जायच्या वाटेत आणि वरच्या साठ्यात थिजलेला जादा धातू. हातोडा मारून ते तोडलं आणि बाजूच्या ढिगात टाकलं. मी विचारलं ह्याचं काय करता, तर म्हणाले काय करायचं, परत भट्टीत. शंभर किलो ओतलं तर साठ किलोचा माल आणि चाळीस किलो परत! आणि माझ्या शीटमध्ये त्या आयटमवर अख्ख्या शंभर किलोचा खर्च पडत होता, परत जाणाऱ्या धातूचं क्रेडिट धरलेलंच नव्हतं. ड्रेसवरची वाळू न झटकता वर जाऊन शीट दुरुस्त केली, ऑर्डर राहिली. त्या रात्री मला कळलं की आपल्याला हेच काम आयुष्यभर करायचंय आणि ते नीट शिकायचंय. नोकरी करत आयसीडब्ल्यूए केलं, पाच वर्षं लागली. एकदा सगळ्या पेपरात चाळीसच्या वर मार्क असून ॲग्रीगेट, म्हणजे एकूण, पन्नास टक्क्याला चार मार्क कमी पडले आणि अख्खा ग्रुप, म्हणजे त्या गटातले सगळे पेपर, गेला. आठ दिवस कुणाशी बोलले नाही. तरी फॉर्म परत भरला, कारण ती भट्टी डोळ्यासमोर होती.

तुला अकरा महिन्यांत असं काही झालंय का? पार्टीच्या खात्यात न जुळणारा आकडा सापडला की तुला जेवण सुचत नाही असं होतं का, की कधी एकदा घरी जाते असं होतं? दोन्ही उत्तरं चालतील, फक्त खरं सांग.

सीएचं म्हणशील तर हिशोब उघडा मांडते. बी.कॉम.ला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन, म्हणजे पहिली परीक्षा, द्यावी लागत नाही, थेट दुसरी, इंटर. २०२३ च्या नव्या स्कीमप्रमाणे इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्यावर आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, ती आता तीनऐवजी दोन वर्षांची, आणि ती संपल्यावर सहा महिन्यांनी फायनल. म्हणजे सगळं पहिल्या फटक्यात सुटलं तरी साडेतीन-चार वर्षं, आणि पहिल्या फटक्यात सगळं सुटणारी पोरं थोडी. आर्टिकलशिपमध्ये दुसरी नोकरी करता येत नाही, स्टायपेंड मिळतो पण त्यावर घर चालत नाही. तुझे चौदा हजार घरात कशाकशाला लागतात हे आईबरोबर बसून एकदा कागदावर लिही. ह्या गोष्टीमुळे हुशार पोरी मधेच अडकलेल्या मी बघितल्यात, अभ्यासात कमी नव्हत्या, पैशाचं बोलणं आधी झालं नव्हतं. आणि किती अटेम्प्ट द्यायचे तो आकडा आजच, डोकं शांत असताना ठरव, रिझल्टच्या रात्री ठरवायचा नाही.

आणखी एक. सही कायमची असते असंही नाही. जीएसटीच्या वार्षिक नाईन-सीवर, म्हणजे रिटर्न आणि हिशोब जुळवायच्या फॉर्मवर, आधी सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटची सही लागायची, २०२०-२१ च्या वर्षापासून ती काढली, आता धंदेवाला स्वतःच सर्टिफाय करतो. एका फटक्यात ते काम गेलं. ज्यांना आकडे खरंच जुळवता येत होते त्यांच्याकडे लोक तरीही येत राहिले, आमच्या ऑफिसातच बघितलंय.

आता लगेच क्लासची फी भरू नकोस. इंटरचं ॲडव्हान्स्ड अकाउंटिंगचं मटेरियल इन्स्टिट्यूटच्या साईटवर फुकट आहे, ते घे आणि तीन महिने रोज पहाटे दोन तास स्वतः गणितं सोडव, उत्तर न बघता. ऑफिस सांभाळून जमतंय का आणि त्यात जीव रमतोय का, दोन्ही तिथंच कळेल. बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांच्या मार्कशीटचे फोटो पाठव, ५५ चं काय आहे ते मी बघते. आत्ता तुझी रिटर्नची गडबड असेल, वीस तारीख होऊ दे, मग संध्याकाळी सातनंतर फोन कर, मी घरीच असते.