१९६९च्या शेव्हरोले कॅमॅरो गाडीचा डॅशबोर्डवरचा मीटर काढण्यासाठी अख्खा स्टिअरिंग कॉलम काढावा लागतो का?

नाही, काढावा लागत नाही. कॉलम, म्हणजे स्टिअरिंगच्या चाकापासून खाली जाणारा नळीसारखा खांब, थोडा खाली उतरवला की पुरतं. पण तुम्ही पुढे जे विचारलंय, की नट सोडून कॉलम तसाच लोंबकळत ठेवला तर चालेल का, त्याचं उत्तर ठाम ‘नाही’ असं आहे.

त्याआधी एक गोष्ट करून बघा. पेट्रोलचा काटा हलत नाही म्हणता, तर इग्निशन चालू ठेवून टाकीजवळची सेंडरची, म्हणजे टाकीतलं पेट्रोल मोजून काट्याला कळवणाऱ्या भागाची, वायर काढा. जनरल मोटर्सच्या (जीएम) या गाड्यांत सेंडर रिकाम्या टाकीला ० आणि भरलेल्या टाकीला ९० ओहम रोध दाखवतो. वायर सुटली की रोध अमर्याद होतो, त्यामुळे काटा ‘फुल’च्या पलीकडे जायला हवा. गेला, तर मीटर ठीक आहे. दोष टाकीकडे किंवा तिथल्या अर्थिंगमध्ये शोधा, डॅशबोर्डला हात लावू नका.

काटा ढिम्म राहिला आणि टाकीपासून मीटरपर्यंतची वायरही शाबूत असल्याचं दिसलं, तर मीटर काढायला घ्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, चाकं सरळ ठेवा. डॅशखाली वाकून बघितलंत की कॉलमला धरून ठेवणारं ब्रॅकेट दिसेल. ते दोन नटांनी डॅशला लटकवलेलं असतं. त्या नटांच्या जागी नीट बघा: ब्रॅकेटच्या खाचांत दोन छोट्या कॅप्सूल बसवलेल्या आहेत आणि त्या प्लास्टिकच्या बारीक टाचण्यांनी धरलेल्या आहेत. आत स्टिअरिंगचा दांडाही दोन तुकड्यांचा आहे, तोही प्लास्टिकच्या पिनांनीच जोडलेला. जीएमने हा दबणारा कॉलम १९६७च्या मॉडेलांपासून दिला. त्याआधीचा सलग दांडा समोरासमोर धडकेत चालकाच्या छातीत घुसायचा. या पिना धडकेत तुटण्यासाठीच आहेत. म्हणूनच कॉलमवर हातोडी मारू नये, त्यावर भार देऊन उठू नये आणि तो अधांतरी सोडू नये.

इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून कॉलम जातो तिथल्या झाकणपट्टीचे स्क्रू आधी ढिले करा, म्हणजे कॉलमच्या खालच्या टोकाच्या रबरी कपलिंगवर (सांध्यावर) पीळ येणार नाही. सीटवर लाकडी ठोकळे आणि वर घडी केलेली चादर ठेवा. मग एका हाताने कॉलम पेलून नट काढा आणि तो अलगद ठोकळ्यांवर टेकवा. दुसरा माणूस असेल तर फारच बरं. १९६९मध्ये किल्ली डॅशवरून कॉलमवर आली, त्यामुळे इग्निशनच्या आणि इंडिकेटरच्या वायरी कॉलमबरोबरच खाली येतात. त्या ताणल्या जात असतील तर कनेक्टर आधीच सोडवा. मीटर पुढे ओढताना स्पीडोमीटरची केबल मागून सोडवा, आणि पाठीवरच्या प्रिंटेड सर्किटला जपा. पन्नासहून जास्त वर्षं जुनी तांब्याची पातळ पट्टी सहज फाटते.

कॉलम खाली आहे तोवर त्या कॅप्सूल तपासा. त्या खाचेच्या तळापासून १/१६ इंचापेक्षा जास्त सरकल्या असतील तर ब्रॅकेट बदला. दांड्याला बाजूने हलकेच ठोकल्यावर खडखड ऐकू आली तर आतल्या पिना तुटल्या आहेत असं समजा. पूर्वी कुणीतरी गाडी ठोकली असेल, तर ते इथेच कळतं.

बसवताना मूळचेच नट-बोल्ट वापरा. डब्यात सापडलेला जरा लांब बोल्ट ‘बसतोय ना’ म्हणून लावलात, तर धडकेत तो कॉलम दबूच देणार नाही, म्हणजे सगळी योजना वाया. माझ्या मते या कामातली सगळ्यात धोक्याची चूक हीच आहे, कारण ती बाहेरून दिसत नाही. पाने इंची घ्या. मिलिमीटरचे लावलेत तर नटांचे कोपरे झिजतील. सगळे नट आणि स्क्रू आधी हाताने फिरवा, कपलिंग सरळ रेषेत आहे हे पाहा, मग शॉप मॅन्युअलमध्ये (कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत) दिलेल्या टॉर्कनेच, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळा. बॅटरी जोडली की गाडी रस्त्यावर काढण्याआधी स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, हॉर्न आणि दोन्ही इंडिकेटर बघा, आणि किल्ली ‘लॉक’ला नेऊन कुलूप लागतंय ना ते तपासा.