ओखामंडळ अमरेली प्रांतात का होते?

आपल्या पणजोबांच्या नेमणुकीच्या कागदात 'वहिवटदार, महाल ओखामंडळ, प्रांत अमरेली' असे लिहिलेले आहे (महाल म्हणजे तालुका आणि वहिवटदार म्हणजे त्याचा मुख्य अधिकारी), आणि द्वारकेकडचा मुलूख गायकवाडांचा कसा व तोही अमरेलीच्या हाताखाली का, हे आपण विचारले आहे.

बडोदे संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली या चार प्रांतांच्या मध्ये ब्रिटिश जिल्हे व इतर संस्थाने पसरलेली होती, आणि अमरेली प्रांत तर काठेवाडात तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला होता. त्यातले सर्वांत दूरचे टोक ओखामंडळ. ते बडोद्यापासून सरळ रेषेत मोजले तरी चारशे किलोमीटरांहून अधिक दूर पडते, आणि सुभ्याची, म्हणजे प्रांताच्या मुख्य अधिकाऱ्याची, कचेरी असलेले अमरेलीही तिथून जवळ नाही. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला कच्छचे आखात आणि काठेवाडच्या बाजूला खाऱ्या रणाची पट्टी यांमुळे तो प्रदेश जवळजवळ बेटासारखाच होता. पाऊस थोडा, पीक बेताचे. नुसत्या वसुलासाठी हा महाल कोणी हौसेने मागून घेतला असता, असे मला वाटत नाही. द्वारका आणि बेट (बेट द्वारका) ही तीर्थे आपल्या राज्यात असण्याचा मान मात्र मोठा होता.

या किनाऱ्यावरून चालणाऱ्या चाचेगिरीचे निमित्त करून इंग्रजांनी 1816 साली ओखामंडळ जिंकले आणि पुढच्याच वर्षी ते गायकवाडांच्या हवाली केले. तिथल्या वाघेर जमातीच्या लोकांनी ही नवी सत्ता मनापासून कधीच मानली नाही. त्यांच्या उठावामुळे 1859 मध्ये इंग्रजी फौजेला बेट व द्वारका येथे लढावे लागले, आणि त्यांचा पुढारी मुळू माणेक 1868 साली मारला गेला तोवर ही धामधूम चालूच होती.

आपल्या कागदाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. सर टी. माधवराव दिवाण असताना (1875–1882) संस्थानाच्या कारभाराची घडी बसली. या व्यवस्थेत महालावर वहिवटदार, प्रांतावर सुभा आणि त्यांच्या वर बडोद्यात सरसुभा अशी उतरंड होती. ओखामंडळात मात्र वाघेरांवर देखरेख ठेवण्यासाठी द्वारकेत एक ब्रिटिश अधिकारी असे आणि तिथली पलटणही त्याच्याच हाताखाली असे. वहिवटदाराला वसुलाचा हिशेब सुभ्याकडे द्यायचा, पण वाघेरांचा प्रश्न आला की या साहेबाचे मत सांभाळायचे, अशी दुहेरी नोकरी करावी लागे. दूरच्या महालातली बदली शिक्षेसारखी वाटली असेल तर नवल नाही.

शोध घेताना ही विभागणी ध्यानात ठेवावी. नेमणूक, पगार व वसूल यांचे कागद बडोद्याच्या दफ्तरात अमरेली प्रांताखाली पाहावेत; वाघेरांविषयीचा पत्रव्यवहार रेसिडेन्सीच्या (बडोद्यातल्या ब्रिटिश रेसिडेंटच्या कचेरीच्या) कागदांत असण्याचा संभव अधिक. जमिनीचे उतारे हवे असतील तर विलीनीकरणानंतरचे बदलही पाहावे लागतील: 1949 साली हा तालुका मुंबई राज्याच्या अमरेली जिल्ह्यात गेला, 1959 मध्ये जामनगरला जोडला गेला आणि 2013 पासून तो देवभूमी द्वारका जिल्ह्यात आहे.