लॅब्राडोर कुत्रा 12 वर्षांचा झालाय, त्याच्यासोबत आठवणी कशा साठवू?

लॅब्राडोर 12 वर्षांचा म्हणजे चांगलाच आजोबा. लांबच्या सहली आता नकोत. डोळे-कान मंदावले तरी नाक बरंच शाबूत असतं, म्हणून ऊन चढायच्या आत त्याला त्याच्या आवडत्या कोपऱ्यावर न्या आणि मनसोक्त हुंगू द्या. पट्टा ओढू नका. आमची म्हातारी कुत्री एकाच विजेच्या खांबापाशी दहा मिनिटं घालवायची, मला ऑफिसला उशीर व्हायचा, वैताग यायचा. आता तो खांब दिसला की पाय थबकतात.

फोटो सगळेच काढतात. तुम्ही त्याचं घोरणं, फरशीवरची नखांची टकटक रेकॉर्ड करून ठेवा. मिठाच्या कणकेत पंजाचा ठसा घ्या, पण ती कणीक त्याला खाऊ देऊ नका, इतकं मीठ बाधतं. वाढदिवसाला केकऐवजी बिनमिठाचं उकडलेलं चिकन. आणि हो, गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाका, मागचे पाय घसरतात.