सोलापूरच्या हत्तीरोगाचा नकाशा पावसापासून सुरू करू नका

प्रश्न असा आहे: "मी भूगोलात एम.एस्सी. करतोय. सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तीरोगाचा पर्यावरणीय जोखीम नकाशा जीआयएसमध्ये (माहितीचे थर एकावर एक ठेवून नकाशा करायच्या संगणक प्रणालीत) तयार करायचा आहे. पाऊस, तापमान, आर्द्रता, उंची आणि एनडीव्हीआय (उपग्रहावरून मोजलेली हिरवाई) यांपैकी कोणते थर घ्यावेत आणि कोणाला किती वजन द्यावं?"

तुमच्या यादीत गटार नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी सोलापुरात बरीच वर्षं कीटक समाहारक होतो. पहाटे टॉर्च आणि शोषण नळी घेऊन लोकांच्या घरात शिरायचं, भिंतीवर, दोरीवरच्या कपड्यांवर, खाटेखाली बसलेले डास नळीत ओढून घ्यायचे आणि एका माणसाने एका तासात किती पकडले त्यावरून घनता काढायची. पुढचं काम तंत्रज्ञांचं. ते मादी डास सुईने फोडून त्यात हत्तीरोगाच्या कृमीच्या अळ्या आहेत का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. त्यामुळे या विषयावर मला जे वाटतं ते स्पष्ट सांगतो.

आपल्याकडे हा रोग क्युलेक्स क्विंकिफॅसिएटस डास पसरवतो. त्याला घाण पाणी लागतं. तुंबलेली गटारं, शोषखड्डे, फुटक्या झाकणाचे सेप्टिक टँक, न्हाणीघरामागचं डबकं. पावसाची तो वाट बघत नाही, उलट जोराचा पाऊस झाला की गटारातल्या डासांच्या अळ्या वाहून जातात. पाऊस आणि हिरवाईला वजन दिलंत तर कोकण गडद येईल आणि आपला दुष्काळी जिल्हा फिका. पण राज्यातल्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत गडचिरोली, चंद्रपूरबरोबर सोलापूरही आहेच. शिवाय सीएचआयआरपीएस या उपग्रहाच्या आधाराने केलेल्या पावसाच्या नकाशातला एक चौकोन साधारण साडेपाच किलोमीटरचा असतो. सोलापूर शहरातलं साखर पेठ, जोडभावी पेठ, अशोक चौक हे सगळं अशा एक-दोन चौकोनांत मावतं. आणि हा डास बहुतेक वेळा जन्मल्या जागेपासून एखाद-दोन किलोमीटरच्या आतच वावरतो. मग गल्लीगल्लीतला फरक त्या थरात दिसणार कुठून?

आता मूळ दुखणं सांगतो.

शहराच्या पूर्व भागात एक यंत्रमागाचा कारखाना होता. पत्र्याचं लांब छप्पर, आत टॉवेलचे माग, मागे सेप्टिक टँक. टँकच्या व्हेंट पाइपचं, म्हणजे हवा बाहेर जायच्या नळीचं, टोक तुटलेलं. शेजारच्या घरांत डास पकडायला गेलो की घनता नेहमीच जास्त यायची, म्हणून एकदा मालकाला विचारून पहाटे शेडमध्ये शिरलो. रात्रपाळी सुटत होती. धागा तुटू नये म्हणून जमिनीवर पाणी मारलेलं, खिडक्या बंद, हवा दमट. बाहेर मे महिन्याचा कोरडा उन्हाळा आणि आत अंगाला चिकटणारा ओलावा. बीमच्या (मागावरच्या सुताच्या मोठ्या रुळाच्या) मागच्या अंधारात कामगारांचे शर्ट खुंटीला टांगले होते. टॉर्च मारला तर कापसाचा धुरळा बसलेल्या त्या शर्टांवर रक्त पिऊन फुगलेल्या माद्या ओळीने बसलेल्या. हत्तीरोगाच्या अळीला डासाच्या शरीरात तयार व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस मादी जगली तरच रोग पुढे जातो. उघड्यावरच्या त्या उन्हात तिचं तेवढं जगणं कठीण, शेडमध्ये मात्र तिला हवं ते सगळं होतं. त्या डासांपैकी एका मादीत अळी सापडली.

तिथेच एक काका भेटले. अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावचे, मिसरूड फुटायच्या आधीपासून माग चालवणारे. डावा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजलेला, कातडी जाड झालेली, बोटांच्या बेचक्यात चिखल्या. मी गाव विचारलं तर म्हणाले, "गावाला यात्रेपुरता जातो, साहेब. झोपतो इथंच, बीमच्या मागं."

आमच्या तेव्हाच्या एका साहेबांनी भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा लावून रुग्णांच्या जागी लाल टिकल्या चिकटवल्या होत्या. या काकांची टिकली त्यांच्या गावावर होती, कारण रेशनकार्डावरचा पत्ता तोच. त्या टिकलीच्या भरवशावर धूरफवारणीची गाडी गावाला गेली. गावाचा ओढा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा असतो. मी म्हटलं, फॉर्ममध्ये 'रात्री कुठे असता' असा एक रकाना घालू. साहेब म्हणाले, "छापील फॉर्ममध्ये रकाना नाही, तो आपण पाडायचा नाही. आणि शेड म्हणजे घर नव्हे. तिथले डास हिशोबात धरता येत नाहीत." मी पुष्कळ भांडलो. हा डास रात्री चावतो आणि रक्तातल्या मायक्रोफायलेरिया, म्हणजे या कृमीची सूक्ष्म पिल्लं, रात्री दहा ते दोनच्या सुमारास सर्वाधिक असतात. म्हणून तर आपण रात्री दारोदार फिरून बोटातून रक्त घेतो. मग त्या वेळी माणूस असतो कुठे, हे विचारायचं नाही? रात्रीचं पथक गल्लीत यायचं तेव्हा रात्रपाळीचा कामगार मागावर असायचा आणि यादीत त्याच्यापुढे 'घरी नाही' एवढीच नोंद पडायची. टिकली गावावरच राहिली. मालकाच्या मागे लागून मी त्या व्हेंट पाइपला जाळी मात्र बसवून घेतली आणि टँकचं झाकण बदलायला लावलं.

माझं म्हणणं आजही तेच आहे. जोखीम पत्त्यावर मांडू नका, रात्र कुठे जाते त्यावर मांडा. गुगल अर्थवर अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि पूर्व भागातली पत्र्याची लांब छपरं स्पष्ट दिसतात, ती हाताने डिजिटाइझ करा. उघडी गटारं, नाले आणि ड्रेनेज न पोहोचलेल्या वस्त्या यांचा थर महापालिकेच्या नकाशावरून आणि पायी फिरून करा. शहरातल्या शेळगीकडे गेलात तर नाल्याच्या कडेने चाला, उपग्रहाच्या चित्रात दिसत नाही ते तिथे दिसेल. पाणी साठवण्याच्या टाक्या आणि बॅरल या थरात घेऊ नका. पाण्याची पाळी काही दिवसांच्या अंतराने येते म्हणून आपण घरोघर पाणी साठवतो, पण त्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास होतो. तो नकाशा वेगळा.

सुजलेल्या पायांची यादी हाती आली तर तिच्यावर आजची जोखीम ठरवू नका. संसर्ग आणि सूज यांच्यात कित्येक वर्षं जातात, त्यामुळे त्या यादीत जुनं सोलापूर दिसतं. आत्ता प्रसार चालू आहे का हे लहान मुलांच्या रक्तातून कळतं, म्हणूनच गोळ्यांच्या मोहिमा थांबवायच्या की नाही हे ठरवताना सहा-सात वर्षांची मुलं तपासतात. रात्रपाळीवाल्यांसाठी एफटीएस पट्टी (बोटातल्या रक्तातून कृमीचा अंश ओळखणारी चाचणी) बरी, ती दिवसाही चालते. झोपेची वेळ उलटी केली की मायक्रोफायलेरियांची वेळही उलटते, हे डॉक्टर स्टीफन मॅकेन्झी यांनी लंडनमध्ये 1881 साली दाखवलं होतं. कायम रात्रपाळी करणाऱ्याची रात्री घेतलेल्या रक्ताची काचपट्टी स्वच्छ आली म्हणून तो निरोगी ठरत नाही.

वजनाचं विचाराल तर एएचपी (घटकांची जोडीजोडीने तुलना करून वजन ठरवायची रीत) लावून चार जणांच्या मतावरून टक्के वाटून द्यायची पद्धत मला पटत नाही. आधी डासांची घनता किंवा मुलांच्या तपासणीचे आकडे मिळवा, त्यांच्याशी कोणता थर जुळतो ते बघा आणि वजन त्यातून काढा. आकडे मिळाले नाहीत तर नकाशाला 'डासोत्पत्तीची शक्यता' म्हणा, रोगाची जोखीम म्हणू नका.

तापमान, आर्द्रता, उंची हे थर निरुपयोगी आहेत असं माझं म्हणणं नाही. पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरच्या शास्त्रज्ञांनी तमिळनाडूसाठी अशाच घटकांवरून हत्तीरोगाचा जोखीम निर्देशांक काढला आहे. एवढ्या मोठ्या प्रदेशात कुठे तपासणी करायची हे ठरवायला तो उपयोगी पडतो. तुमचा नकाशा एका जिल्ह्याचा आहे आणि त्यातलं शहर काही पेठांचं. ग्रामीण तालुक्यांपुरते हे थर ठेवा. शहराला वेगळा नकाशा करा. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरला कलबुर्गी, विजयपूर लागून आहेत आणि तिकडेही हा रोग आहे, म्हणून जिल्ह्याच्या हद्दीवर थर कापू नका.

आणखी एक. रुग्णांचे घरनिहाय ठिपके प्रबंधात छापू नका. पाय सुजलेला माणूस घरात आहे एवढ्यावरून त्या घरातल्या मुलींची स्थळं परत गेलेली मी पाहिली आहेत. ठिपके स्वतःपाशी ठेवा, छापताना प्रभागाला एकच रंग द्या. मार्गदर्शकांनी आग्रह धरला तरी हे सोडू नका.