वाचकांचे प्रश्न : मीटिंगच्या दारापर्यंत

प्रश्न : माझे मिस्टर ४४ वर्षांचे. संध्याकाळची दारू रोजचीच. आता सकाळीही हात थरथरतात म्हणून घोटभर घेतात. ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा आपसातला गट) मीटिंगला जायला पहिल्यांदाच 'हो' म्हणालेत. मीटिंग कुठे असते? नावगाव लिहून घेतात का? मी सोबत जाऊ का?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : ताई, मीटिंगच्या आधी डॉक्टर. सकाळची थरथर म्हणजे शरीर दारूवर चालायला लागलंय. अशा माणसाने घरच्या घरी एकदम बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात घाम, भास, बरळणं सुरू झालं तर ते जिवावर बेततं. साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. रोज किती, शेवटची कधी घेतली, आधी फिट आली होती का, हे खरं सांगा. नवऱ्याची अब्रू झाकायला 'कधीतरी घेतात' म्हणालात, तर औषधाचा हिशेबच चुकतो. गल्लीतल्या दवाखान्यात 'एक सलाइन लावा' असा हट्टही नको. अशा पेशंटला ग्लुकोजच्या आधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, द्यावं लागतं.

आता पत्ता. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. साताऱ्यातच डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं 'परिवर्तन' व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथेही विचारा. ए.ए.चे गट सहसा शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल अशा मागून घेतलेल्या जागेत भरतात. म्हणूनच जुन्या यादीवर विसंबून निघालात की शाळेला सुट्टी आणि गेटला कुलूप. ज्या दिवशी जायचं त्याच दिवशी दुपारी फोन करा. वार, वेळ, नेमकी खोली, मीटिंग 'ओपन' (घरच्यांनाही बसता येईल अशी) की 'क्लोज्ड' (फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांची), आणि दारात कोण भेटेल, एवढं विचारून घ्या. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा, कारण नवा माणूस गेटपर्यंत येतो आणि तिथूनच माघारी फिरतो. परतीची एसटीही आधीच बघून ठेवा. स्टँडवर तासभर एकट्याने ताटकळणं या दिवसांत परवडणारं नाही.

आत रजिस्टर नाही, फी नाही. सोडायची इच्छा, एवढीच अट. दीडेक तास मीटिंग चालते : प्रार्थना, थोडं वाचन, मग एकेकाचं शेअरिंग. 'माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक' म्हणून जो तो आपल्याबद्दल बोलतो. मध्ये कुणी सल्ला देत नाही. पहिल्या दिवशी नुसतं ऐकलं तरी चालतं. शेवटी पिशवी फिरते. गट बाहेरची देणगी घेत नाही, सभासदांच्या पैशावरच भाडं आणि चहा निघतो. नव्या माणसाने काही टाकलं नाही तरी कुणी बघत नाही. निघताना दोन-तीन जणांचे नंबर मात्र घ्यावेत. तलफ येते तेव्हा मीटिंग नसते, फोन असतो.

बहुतेक मीटिंगा संध्याकाळी भरतात, म्हणजे गुत्त्याच्या वेळेला. पोट रिकामं असलं की तलफ जोर धरते, म्हणून जाताना खिशात शेंगदाणे-गूळ द्या.

तुम्ही ओपन मीटिंगला बसू शकता, क्लोज्डला नाही. घरच्यांसाठी अल-अॅनॉन हा वेगळा गट असतो; मिस्टर गेले नाहीत तरी तुम्ही जा. आणि घरी आल्यावर 'काय बोललास?' ही उलटतपासणी नको. तिथलं तिथेच राहतं, म्हणून तर माणूस तिथे बोलतो.

प्रश्न : तीन मीटिंगा केल्या. तेच तेच बोलतात, वर देवाचं नाव. मी देव मानत नाही. जाणं बंद करू का?
– एक वाचक, कराड

उत्तर : गट बदला, जाणं बंद करू नका. गटागणिक सूर वेगळा असतो. पाच-सहा मीटिंगांशिवाय मत बनवू नये. ए.ए.चा दारू सोडण्याचा मार्ग म्हणजे बारा पायऱ्या; त्यांत 'आम्हाला समजला तसा' ईश्वर म्हटलाय. गटालाच स्वतःहून मोठी शक्ती मानून वर्षानुवर्षं कोरडे राहिलेले नास्तिक ए.ए.त आहेत. तेच तेच बोलण्याचं म्हणाल, तर पिणाऱ्याला पहिल्या पेगची मजा आठवते, पाचव्यानंतरचं गटार आठवत नाही. ते इतरांच्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं. तरीही मन लागत नसेल, तर बहुधा अजून स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा जुना सभासद, निवडलेला नाही. आपल्याआधी सोडलेला, आपल्याला पटणारा, फोन उचलणारा माणूस बघा आणि सरळ विचारा. पुरुषाने पुरुषाला, बाईने बाईला, हा संकेत पाळा.

प्रश्न : मुलाची दारू सुटावी म्हणून त्याच्या नकळत चहातून द्यायची पावडर मिळते म्हणे. द्यावी का?
– एक आई, वाई

उत्तर : नाही. असल्या पुड्यांत काय असतं ते विकणाराही सांगत नाही. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध निघालं आणि मुलगा वरून प्यायला, तर चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या. बीपी कोसळून जीवही जाऊ शकतो. हेच औषध डॉक्टर देतात, पण तपासण्या करून, पेशंटला सांगून, आणि शेवटच्या पेगनंतर किमान १२ तासांनी. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तिचा असर राहू शकतो. तोवर अल्कोहोल असलेलं कफ सिरपही चालत नाही. पावडर आधीच दिली असेल, तर मुलाला आजच सांगा आणि पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.