बेडकाच्या त्वचेतील पेप्टाइड आणि मधुमेहींच्या जखमेचे मलम

आपण विचारले आहे की, बेडकाच्या त्वचेतील पेप्टाइडवर (प्रथिनांचे घटक असलेल्या अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीवर) आधारित मलम मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी तयार झाले होते, तर ते नाशिकमधील औषध दुकानांत का मिळत नाही. आणि आवणीच्या दिवसांत इगतपुरीकडील भातखाचरांत दिसणाऱ्या पिवळ्याधमक बेडकांच्या अंगावरचा चिकट स्राव जखमेला लावावा, हे शेजाऱ्यांचे म्हणणे कितपत खरे आहे.

या मलमाचे मूळ आफ्रिकेतील झेनोपस बेडकात आहे. शस्त्रक्रियेनंतर गढूळ पाण्याच्या टाकीत सोडलेल्या या बेडकांच्या जखमा चिघळत नाहीत, हे अमेरिकेतील संशोधक मायकेल झासलॉफ यांच्या लक्षात आले आणि १९८७ मध्ये त्यांनी या बेडकांच्या त्वचेतून प्रत्येकी २३ अमिनो आम्लांची दोन पेप्टाइड वेगळी केली. त्यांना मॅगेनिन म्हणतात. ही पेप्टाइड धनभारित असतात. जिवाणूच्या पटलाची (पेशीभोवतीच्या पातळ आवरणाची) बाहेरची बाजू ऋणभारित असल्यामुळे ती तेथे चिकटतात व पटलाला छिद्रे पाडतात, तर आपल्या पेशींची बाहेरची बाजू बहुतांशी भाररहित असल्याने आणि त्यांच्या पटलात कोलेस्टेरॉल असल्याने त्या पुष्कळशा बचावतात.

मॅगेनिनमध्ये फेरफार करून पेक्सिगॅनन हे २२ अमिनो आम्लांचे पेप्टाइड बनवले गेले. पायाच्या जखमांत सौम्य संसर्ग झालेल्या ८३५ मधुमेही रुग्णांवरील चाचण्यांत त्याचे मलम ओफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांच्या जवळपास बरोबरीचे ठरले, तरी १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने मान्यता नाकारली. पुढे २०१६ मध्ये औषधरहित मलमाशी तुलना केली, तेव्हा ते सरस ठरले नाही, म्हणून ते दुकानांत आलेच नाही. माझ्या मते खरी अडचण येथेच आहे: सौम्य संसर्गाची जखम नीट स्वच्छ करून, मृत ऊती काढून, पायावरचा भार कमी केला तरी पुष्कळदा सुधारते, त्यामुळे मलमाने त्यात भर घातली हे सिद्ध करणे अवघड जाते. शिवाय पेप्टाइड शरीरातील विकरांमुळे (एन्झाइममुळे) लवकर तुटतात आणि ती बनवण्याचा खर्चही जास्त असतो.

आता आपल्याकडील बेडकांविषयी. रात्रभर डरावडराव करून झोप मोडणारा, विणीच्या काळात नर पिवळा होणारा हा मोठा भारतीय बेडूक. त्याच्या त्वचेतील टायगरिनिन ही ११-१२ अमिनो आम्लांची पेप्टाइड हैदराबादच्या पेशी व रेणूजीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केली, म्हणजे शेजाऱ्यांच्या बोलण्यात तथ्याचा अंश आहे. परंतु शुद्ध पेप्टाइडची ठरावीक मात्रा वेगळी आणि खाचरातल्या चिखलात वावरणाऱ्या, त्वचेवर असंख्य जिवाणू बाळगणाऱ्या प्राण्याचा ओला स्राव वेगळा. मधुमेहीच्या पायाला, विशेषतः संवेदना कमी झालेली असेल तर, तो मुळीच लावू नये. जखम त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. या बेडकाला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण असल्याने त्याला पकडणेही बेकायदेशीर आहे, आणि संशोधनासाठीही त्याला मारावे लागतेच असे नाही, कारण पेप्टाइडमधील अमिनो आम्लांचा क्रम एकदा कळला की ते प्रयोगशाळेत तयार करता येते.